मनकर्णाताईंचं अर्थशास्त्र

१६ जून

आज परत त्याच बाईंचा फोन! जेऊरच्या. मी कुलूप काढून पंखा लावतेय तोवर ऑफिसचा फोन वाजायला लागला. "मॅडम, मी मनकर्णा. वळखलं का?" ओळखणार नाही तर काय — गेला आठवडाभर रोज बोलतोय आम्ही.

त्यांना आमच्या प्रकाशनाचं बी.ए. दुसऱ्या वर्षाचं अर्थशास्त्राचं पुस्तक हवंय. तसं पुस्तक आहे त्यांच्याकडं, रीतसर विकत घेतलेलं. पण दिसत नाही. काचबिंदू. डोळ्यांतलं प्रेशर वाढत गेलं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता मोबाईल त्यांना वाचून दाखवतो. स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते तो बोलतो. छापलेलं पुस्तक काही बोलत नाही. म्हणून आमच्या कॉम्प्युटरमधली फाईल पाहिजे.

"आदी लेक वाचून दावायची की. पण साक्षी गेली पंढरपूरला, हॉस्टेलवर. आता घरात ऱ्हायलो दोघी. सासूबाईंना अक्षर वळखत न्हाय, आन मला दिसत न्हाय!" आणि खो खो हसल्या. मीही हसले. मग फोन ठेवल्यावर कसंतरीच झालं.

"सरांना विचारते" म्हटलं. रोज हेच म्हणतेय.

१७ जून

नाही विचारलं. जूनमध्ये बसवेश सरांना काही विचारायचं म्हणजे! छापखाना ओरडतोय, कॉलेजं ओरडतायत, अभ्यासक्रम बदललाय. त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि प्रुफांचा गठ्ठा उचलून परत आले.

२४ जून

विचारलं एकदाचं.

"फाईल? बाहेर?" सरांनी पेनच खाली ठेवलं. "सोनाली, तू होतीस ना तेव्हा?"

होते. दोन वर्षांपूर्वी आमचं वाणिज्यचं अख्खं पुस्तक टेलिग्रामवर आलं. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं त्याच्या प्रती काढून विकल्या, आमचे गठ्ठे गोदामात तसेच राहिले. त्या नुकसानीपायी ऑफिसातल्या दोघांना घरी बसवावं लागलं. त्यातली रेश्मा माझ्या शेजारच्या टेबलावर होती. मी कामाला लागले तेव्हा टाईप करायला तिनंच शिकवलं होतं मला. अजून रस्त्यात भेटली की मला नजर चुकवावीशी वाटते. माझा काही दोष नसताना.

सर वाईट नाहीत. वडिलांनी उभं केलेलं प्रकाशन टिकवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. म्हणाले, "त्या बाई खऱ्याच असतील गं. पण एकदा बाहेर पडलेली फाईल माणसं बघून थांबत नाही."

मग — "अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागव. पुस्तक घेतल्याची पावती. आणि दुसऱ्या कुणालाही देणार नाही असं लिहून घे. मग बघू."

बघू!

३ जुलै

जेऊरहून पाकीट आलं. सगळे कागद आहेत. लिहून द्यायचा मजकूर मी आधी त्यांना फोनवर वाचून दाखवला होता. शांतपणे ऐकून घेतला त्यांनी. "टाकते की सही. माझ्याकडं कोण मागायला येतंय?"

सही रेघेवरून निघून वर वर चढत गेलीय, शेवटचं 'र्णा' पार वरच्या ओळीत. बचत गटाच्या अध्यक्ष होत्या म्हणे, आजाराआधी. गटाचा सगळा हिशेब त्यांच्या हातचा. म्हणून तर अर्थशास्त्र घेतलंय. "मला ते आवडतं," एवढंच म्हणाल्या होत्या. नोकरी, पगार — काही नाही. आवडतं!

११ जुलै

सरांनी हो म्हटलं!! प्रत्येक पानावर खाली 'मनकर्णा यांच्या वैयक्तिक वापरासाठी' असं टाकायला लावलं. टाकलं. पाठवली. एवढं सोपं होतं! नवऱ्याला, सुमितला, कामावरून येताना बालूशाही आणायला सांगितली. तो म्हणतो, कशाबद्दल? मी म्हटलं, अर्थशास्त्राबद्दल.

१२ जुलै

"मॅडम, फाईल आली. पण ह्यो मोबाईल काय बोलतोय ते कळंना की!"

"म्हणजे?"

त्यांनी तो मोबाईल सासूबाईंच्या साध्या फोनजवळ धरला. आतली बाई अगदी ठामपणे सांगत होती — डॉलर, एफ, के, अल्पविराम, एम, डॉलर...

"मला वाटलं कन्नड बोलतीय का काय. आमच्या गल्लीत अक्कलकोटची सून हाय, तिला ऐकवलं. ती म्हणली, ही आमची भाषा न्हाय बया!"

हसत होत्या. मला मात्र लगेच कळलं. आमची सगळी पुस्तकं जुन्या फाँटमध्ये आहेत. दिसायला मराठी. आत मात्र इंग्रजी अक्षरं, नुसती मराठीचं रूप घेतलेली. वर्षानुवर्षं असंच टाईप करतोय आम्ही. कधी काही अडलं नाही. अडणार कसं — आम्ही सगळे बघणारे. ऐकून कुणी पाहिलंच नव्हतं.

प्रमाणपत्र घेतलं, पावती घेतली, सही घेतली. आणि बाईंना दिलं काय? डॉलर एफ के.

१४ जुलै

सरांना सांगितलं. "मग बदल की फाँट." बदलतो तो. एक प्रोग्रॅम आहे. पण रफार सगळे पुढच्या अक्षरावर उड्या मारतात. 'अर्थ'चं 'अथर्', 'खर्च'चं 'खचर्', 'मार्ग'चा 'मागर्'. पानापानावर. अर्थशास्त्रात खर्चाशिवाय वाक्य आहे का एखादं! सगळं हातानं नीट करावं लागणार.

"ऑफिसच्या वेळात नको," सर म्हणाले. "हंगाम आहे, तुला दिसतंय."

दिसतंय.

२० जुलै, रविवार

घरच्या कॉम्प्युटरवर घेतलंय. सकाळी सुमितची चिंचोळीच्या कारखान्याची बस गेली की बसते, साडेनऊपर्यंत. जेमतेम तीन-चार पानं होतात. पुस्तक जाडजूड. परीक्षा नोव्हेंबरात. हिशेब मांडायला नको वाटतो.

सुमित म्हणाला, "तू कशाला एवढं करतीस? तुला सांगितलंय का कुणी?"

नाही सांगितलं. तेच तर. कुणी सांगितलंच नाही. हे काम कुणाचं आहे तेच कुणाला माहीत नाही. मी विद्यापीठात फोन केला होता, ते म्हणाले प्रकाशकाला विचारा. मनकर्णाताईंच्या कॉलेजात केला, ते म्हणाले आमच्याकडं तशी सोय नाही, प्रकाशकाला विचारा. आणि प्रकाशकाच्या ऑफिसात फोन उचलते कोण? मीच.

५ ऑगस्ट

पहिली दोन प्रकरणं पाठवली होती. आज फोन. आवाजच वेगळा!

"मॅडम, लई ग्वाड बोलतीय आता. काल सारखं तेच तेच लावलं. सासूबाई म्हणल्या, घरात कोण आलंय गं बोलाय? म्हणलं, मास्तरीण आलीया."

मग — "पर एक सांगा. ती मधीच म्हणती, आकृती पाहा. आता कुटं पाहू?"

आकृत्या! त्यांचं काय करायचं, मला सुचलंच नव्हतं. लगेच कागद घेऊन लिहिलं — 'मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' — आणि फोनवर वाचून दाखवलं.

"उतरतो म्हंजे कसा? धापकन पडतो का घसरत जातो?"

ही आकृती मी स्वतः काढलीय. तीन आवृत्त्यांत. मला सांगता येईना.

"थांबा," म्हणाल्या. भांड्यांचा आवाज. परातीत पीठ पसरलं त्यांनी. "आता तुमी सांगा, मी बोट फिरवते." वर डावीकडून सुरू करा, म्हटलं. हळूहळू खाली. अजून उजवीकडं. आता थोडं सपाट. थांबा.

मग — "आगं बया! भाव उतरला तसं गिऱ्हाईक वाढत गेलं व्हय ह्यात? आमी गटातनं पापड इकायचो, तवा ह्येच की!"

एवढा आनंद झाला मला. तेवढ्यापुरता. कारण पुस्तकात आकृत्या खच्चून भरल्यात. तक्ते वेगळेच.

२२ ऑगस्ट

तापानं पडले होते. आठवडा वाया. मनकर्णाताईंनी दोनदा फोन केला, फाईलबद्दल चकार शब्द नाही. गुळवेल घ्या म्हणाल्या. हे असं केलं की जास्तच लागतं मनाला. ओरडल्या असत्या तर बरं.

८ सप्टेंबर

चौथं प्रकरण झालं. पण तक्ते राहिले. तक्ता मोबाईल आडवा वाचतो. आकडे नुसते एकामागून एक. कुठला कशाचा, पत्ता नाही. प्रत्येक तक्ता मोडून वाक्यं करायची. 'या वर्षी एवढं उत्पन्न, त्यातला शेतीचा वाटा एवढा.' एका तक्त्याला सकाळ जाते.

सरांना म्हटलं, निदान पुढची पुस्तकं तरी पहिल्यापासून नव्या फाँटमध्ये करूया. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मागच्याही वर्षी कशावर तरी हेच म्हणाले होते.

२६ सप्टेंबर

संपलं! शेवटचं प्रकरण आज सकाळी पाठवलं. पाठवायच्या आधी एक पान डोळे मिटून ऐकायचं ठरवलं, त्या ऐकतात तसं. जमेना. सारखे डोळे उघडले. पान संपेपर्यंत दम निघाला नाही माझा. त्यांनी अख्खं पुस्तक असं ऐकायचंय. तेही धुणंभांडी, चूल, सासूबाईंच्या गोळ्या सांभाळून.

शेवटची दोन प्रकरणं घाईत झालीत. चुका असतील. असू देत.

९ ऑक्टोबर

काय लिहू.

दुपारी सरांना अक्कलकोटच्या एका प्राध्यापकांचा फोन आला. त्यांच्या वर्गातली एक मुलगी मोबाईलवर आमचं पुस्तक ऐकत बसली होती. त्यांनी कौतुकानं फोन केला होता हो! 'तुम्ही फार चांगलं काम करताय' म्हणून. फाईल पाठवलीसुद्धा बघायला. खाली नाव — मनकर्णा यांच्या वैयक्तिक वापरासाठी.

सरांनी ते पान माझ्यासमोर धरलं. ओरडले नाहीत. "लाव फोन. स्पीकरवर ठेव."

लावला.

"व्हय," ताई म्हणाल्या. लपवलंच नाही काही. "मीच दिली. कीर्ती हाय तिचं नाव. जलमल्यापास्नं आंधळी हाय. पांढऱ्या काठ्या वाटपाच्या शिबिरात भेटली, सोलापुरात. म्हणली, ताई, तुमच्याकडं बोलणारं पुस्तक हाय म्हणं. मी कसं न्हाय म्हणू?"

"तुम्ही लिहून दिलं होतं," सर म्हणाले.

"दिलं हुतं की. चुकलंच माझं." आणि मग अगदी साधेपणानं, भांडण म्हणून नाही, खरंच विचारावं तसं — "पर साहेब, तिनं मागायचं कुणाकडं हुतं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं.

मग सरांचा आवाज चढला. टेलिग्राम, नुकसान, विश्वास, सगळं बोलले. "फाईल पुसून टाका. तुम्हीही आणि त्या मुलीनंही. नाहीतर वकिलाची नोटीस येईल दोघींना." आणि बाहेर निघून गेले.

फोन चालूच होता. "मॅडम, हाईत का तुमी?"

मी बंद केला. काही न बोलता. मी!

१० ऑक्टोबर

पुसली का ते विचारायला मलाच सांगितलं. ज्या हातानं रफार न् रफार जागेवर बसवला, त्याच हातानं नंबर फिरवला.

"पुसली मॅडम. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदीच साक्षीला बोलवून घेतलं, तिच्या हातनं पुसून घेतली. मला भ्या वाटलं, माझ्याकडनं भलतंच काय पुसलं तर. कीर्तीनं बी पुसली. तिचे वडील लई भ्यालेत. नोटीस म्हंजे पोलीस, असं वाटलं त्यांना. म्हणत्यात, शाळा-कालेज नकोच ते."

मी त्यांना समजावून सांगा म्हटलं. "सांगितलं. पर माझंच कोण ऐकणार? माझ्यामुळंच झालं की."

आणि मग — "तुमच्या नोकरीला काय धक्का न्हाय ना लागला?"

मला विचारतायत! नाही, नाही, असं काहीतरी पुटपुटले.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर फाईल आहे. एक बटण दाबलं तर जाईल. सुमितच्या कारखान्यात पाळ्या कमी केल्यात, दोघांतली एक नोकरी पक्की हवी. रेश्माचं रिकामं टेबल रोज शेजारी दिसतं.

नाही पाठवली.

११ ऑक्टोबर

आजही नाही.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मनकर्णाताईंचा फोन येत नाही. सकाळी रिंग वाजली की धावते — छापखाना असतो.

सरांनी सगळे कागद वकिलांकडं दिलेत. नोटीस आत्ताच काढायची नाही म्हणाले, पुढं कुणी असं केलं तर काय करता येतं ते विचारून ठेवायचंय. आणि आजपासून कुणालाच फाईल द्यायची नाही. लातूरहून एका मुलाच्या वडिलांचा मेल आलाय, तशीच विनंती. उत्तर मीच टाईप केलं. 'दिलगीर आहोत.' त्यात रफार नाही एकही.

३ नोव्हेंबर

सरांना म्हटलं, परीक्षेपुरती तरी देऊया, मनकर्णाताईंना एकट्यांना. त्यांनी ऐकून घेतलं. खरंच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मलाही वाईट वाटतं सोनाली. पण एकदा नियम मोडला की मग नियमच राहत नाही." वाईट वाटणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज अर्थशास्त्राचा पेपर. सकाळभर कामात लक्ष नाही. संध्याकाळी धीर करून फोन लावला.

"दिला की पेपर! लेखनिक चांगली पोरगी मिळाली, सांगंल तसं लिहीत हुती. पयली प्रकरणं तोंडपाठ हुती, परातीत काढलेलं समदं ध्यानात ऱ्हायलंय. शेवटच्या दोन प्रकरणांचं मातर आठवंना. एकदाच ऐकलं हुतं, मग गेलंच ते." "हुईन पास, न्हाईतर परत बसंन. मला कुटं घाई हाय?"

मी सॉरी म्हटलं. त्यांना कळलंच नाही कशाबद्दल, किंवा कळूनही कळलं नाही असं केलं.

मग म्हणाल्या, "कीर्ती न्हाय बसली. तिचं केंद्र तितंच, अक्कलकोटात. तिच्या वडिलांनी जाऊच दिलं न्हाय. नोटिशीचं भ्या. मी लई सांगितलं फोनवर. मग त्यांनी माझा फोन घ्यायचा बंद केला."

जेवण गेलं नाही. सुमितनं काय झालं विचारलं. काही नाही म्हटलं. खरंच, काय सांगू? कुणी कुणाला मारलं नाही, फसवलं नाही. नुसती एक मुलगी परीक्षेला बसली नाही.

१३ नोव्हेंबर

सर छापखान्यात. वकिलांचा फोन मीच घेतला. "निरोप द्या, नोटीस काढताच येणार नाही. अंध माणसाला वाचता येईल अशी प्रत तयार करायला, आणि ती दुसऱ्या अंध माणसाला द्यायला कॉपीराइटच्या कायद्यातच सूट आहे. बरीच वर्षं झाली त्याला. परवानगी लागतच नाही."

"कुणाची?" मी विचारलं.

"कुणाचीच. तुमच्या सरांचीसुद्धा नाही."

घरी येऊन फाईल पाठवली. दोघींना. कीर्तीची तिच्या त्या प्राध्यापकांमार्फत. विचारलं नाही कुणाला.

पेपर सोमवारी होऊन गेला.